व्हर्मिक्युलाइट ट्रेमध्ये घाला, वाफ्यात नको

मुलुंडहून तुम्ही लिहिलंत: घर तळमजल्यावर, खिडकीला बॉक्स ग्रिल, आणि कंपाउंडच्या भिंतीलगतचा दहा बाय चार फुटांचा वाफा सोसायटीने तुमच्या हवाली केलाय. व्हर्मिक्युलाइटची ५ किलोची पिशवी आणून ठेवलीत. टोमॅटो, मिरची आणि पिटुनिया बियांपासून करायचेत, पण गेल्या वर्षी रोपं दोन पानांवर आली आणि एका रात्रीत आडवी झाली. उरलेलं व्हर्मिक्युलाइट वाफ्यात मिसळलं तर तिथली टणक माती मोकळी होईल का, आणि यात अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास फुप्फुसांना घातक ठरणारं तंतुमय खनिज) असतो म्हणतात ते खरं का, असे आणखी दोन प्रश्न.

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. बियांसाठी जरूर वापरा, पण मूठमूठ. कुंड्यांत थोडं चालेल. वाफ्यात घालू नका. पिशवी संपेल आणि माती होती तशीच राहील. अ‍ॅस्बेस्टॉसचं प्रकरण खरं आहे, पण ते एका विशिष्ट खाणीचं आहे.

व्हर्मिक्युलाइट हे अभ्रकाच्या घराण्यातलं खनिज. मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम, लोह आणि सिलिका यांचे पातळ पापुद्रे, आणि पापुद्र्यांच्या मध्ये अडकलेलं पाणी. ते भट्टीत आठशे-हजार अंशांपर्यंत एकदम तापवलं की आतल्या पाण्याची वाफ होते, पापुद्रे एकमेकांपासून लांब ढकलले जातात आणि लाही फुटावी तसा प्रत्येक कण फुलतो. दक्षिण आफ्रिकेतली पालाबोराची खाण यासाठी जगभर माहीत आहे. आपल्याकडे तमिळनाडूत तिरुपत्तूरजवळच्या सेवत्तूरला आणि आंध्रात नेल्लोर भागात ते सापडतं. एक कण तळहातावर घेऊन उजेडात धरा: कडेने बघितलं तर बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या घड्या दिसतील. अंगठ्याने हलकेच दाबलात तर किंचित परत उठतो. जोरात दाबलात तर मात्र घड्या मिटतात आणि पुन्हा उघडत नाहीत. हे नीट लक्षात ठेवा, वाफ्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

त्या घड्यांमध्ये वजनाच्या तिप्पट-चौपट पाणी राहतं. शिवाय पापुद्र्यांवर ऋण भार असल्यामुळे पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अमोनियम ही अन्नद्रव्यं तिथे धरून ठेवली जातात आणि मुळांना सावकाश मिळतात. रेतीतून ती लवकर धुऊन जातात. भट्टीतून आल्यामुळे माल जंतुमुक्त असतो. त्याच्या स्वतःच्या अंगचं म्हणाल तर थोडं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम, एवढंच. नत्र नाही, स्फुरद नाही. म्हणजे हे खत नव्हे. आणि गांडूळखताशीही याचा काडीचा संबंध नाही. एवढ्यासाठी सांगते की नर्सरीत "व्हर्मी द्या" म्हटलं की दहातले निम्मे दुकानदार व्हर्मिकंपोस्टची पिशवी पुढे करतात.

पिशवी अजून फोडली नसेल तर आधी बाहेरूनच चाचपून बघा. आत ओलावा नको. माल किलोवर विकला जातो आणि वापरला जातो मापाने. ओल्या पिशवीत तुम्ही पाण्याचे पैसे मोजलेले असतात. कोरड्या मालाची एका किलोत साधारण आठ ते दहा लिटर भरती व्हायला हवी. तळाशी नुसती भुकटी असेल तर पिशवी वाहतुकीत रगडली गेलीय, ती भुकटी पाणी धरते पण हवा अजिबात खेळू देत नाही. बांधकामात उष्णतारोधक म्हणून वापरायचा माल स्वस्त मिळतो, त्याच्या मोहात पडू नका. त्यातल्या काहींवर पाणी न शोषण्यासाठी लेप दिलेला असतो. बियांना बारीक प्रतीचा, कुंड्यांना मध्यम किंवा जाडा. सामू (pH) बहुतेक उदासीनच्या आसपास असतो, पण काही खाणींचा माल अल्कधर्मी निघतो. सामू मोजायची पट्टी असेल तर मूठभर व्हर्मिक्युलाइट शुद्ध पाण्यात भिजवून तपासा. आठच्या वर गेला तर मिश्रणात कमी घ्या.

आता बिया.

पहिली गोष्ट, ट्रे नुसत्या व्हर्मिक्युलाइटने भरू नका. तो फार जड ओला राहतो आणि रोप उपटताना मुळांभोवतीचा गोळा टिकत नाही. आमच्याकडे भाजीच्या रोपांना तीन भाग कोकोपीट, एक भाग व्हर्मिक्युलाइट, एक भाग पर्लाइट (ज्वालामुखी काचेचा फुललेला कण) हे माप चालतं. माप म्हणजे डब्याचं माप, वजन नव्हे. व्हर्मिक्युलाइट आणि पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) यांची अशी मातीविरहित मिश्रणं अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९६०च्या दशकात बसवली गेली; पीट आपल्याकडे महाग आणि परदेशी, म्हणून नारळाच्या सोडणाचा भुसा, म्हणजे कोकोपीट, त्या जागी आला. कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोन-तीनदा पाणी बदलून पिळून घ्या. त्यात मीठ असतं, आणि मिरचीच्या कोवळ्या मुळांना ते झेपत नाही. पाकिटावर "धुतलेलं" असं छापलं असलं तरी मी धुतेच.

मिश्रण आधी ओलं करायचं, मग ट्रे भरायचा. किती ओलं? मुठीत घट्ट आवळल्यावर बोटांच्या फटींतून एखाददुसरा थेंब यावा, धार नको. भरताना बोटांनी ठासू नका, ट्रे एकदा ओट्यावर आपटा, तेवढं बसतं. पेन्सिलच्या मागच्या टोकाने प्रत्येक कप्प्यात अर्ध्या सेंटीमीटरची खळी करा, टोमॅटोचं एक बी ठेवा, आणि वरून बारीक व्हर्मिक्युलाइट भुरभुरवून खळी सपाट करा. तुमच्या पिशवीचा खरा उपयोग या वरच्या थराला आहे. माती किंवा कोकोपीट सुकलं की वर पापडी धरते आणि कोंब तिच्याखाली वाकडा होऊन अडकतो. व्हर्मिक्युलाइट पापडी धरत नाही. रंग बदलून ओलावाही सांगतो: ओलं असताना गडद तपकिरी, सुकलं की फिकट सोनेरी, त्यामुळे बोट खुपसून बघावं लागत नाही.

टोमॅटोचं रोप वर येताना बघितलंत तर काही रोपांच्या डोक्यावर बीचं टरफल टोपीसारखं अडकलेलं दिसेल. बी उथळ पडलं किंवा वरचा थर कोरडा राहिला की असं होतं. टरफल ओलं आणि मऊ राहिलं नाही तर दोन्ही बीजदलं त्यात कोंडून राहतात. ओलसर थराचं थोडं वजन आणि घर्षण मिळालं की कोंब वर येता येता ती टोपी मागेच सोडतो. नखाने टोपी काढायला जाऊ नका, बीजदलं तुटतात. पाण्याचा थेंब ठेवा, तासाभराने ब्रशने हलवा.

मिरचीलाही तसंच, फक्त तिला धीर लागतो. टोमॅटो पाच ते आठ दिवसांत दिसतो, मिरची आठ ते बारा दिवस घेते, जुनं बी असेल तर त्याहून जास्त. पिटुनियाचा कायदा मात्र उलटा. तिचं बी धुळीएवढं असतं आणि उगवायला त्याला उजेड हवा. ते झाकू नका. आधी व्हर्मिक्युलाइटचा पातळ थर ओला करून घ्या, त्यावर बी कोरड्या रेतीत मिसळून टाका आणि स्प्रेने बसवा. लेट्यूसचीही हीच पद्धत; पण लेट्यूस मुंबईच्या ऑक्टोबरमध्ये उष्णतेने झोपी जातं, त्याला नोव्हेंबर उजाडू द्या.

पाणी खालून द्यायचं. पोळ्यांची परात घ्या, बोटभर पाणी, त्यात ट्रे ठेवा. वरचा थर गडद झाला की ट्रे उचला आणि निथळत ठेवा. परातीतच ठेवून कामाला निघून गेलात की मेहनत बुडाली म्हणून समजा.

गेल्या वर्षी जे झालं त्याला रोपं कोलमडणं म्हणतात. पिथियम आणि ऱ्हायझोक्टोनिया या बुरश्या जमिनीलगत खोडाची मान धरतात, ती दोऱ्याएवढी बारीक होते आणि रोप तिथेच मोडतं. वरचं पान त्या वेळीही हिरवंगार असतं, म्हणून एका रात्रीत झाल्यासारखं वाटतं. बुरशी कुठून आली असेल? बहुधा नर्सरीतल्या लाल मातीतून, किंवा न धुतलेल्या ट्रेमधून. तिला बळ दिलं ते रोजच्या पाण्याने आणि ट्रेवर गुंडाळलेल्या प्लास्टिकने. व्हर्मिक्युलाइट बुरशी मारत नाही, एवढं नीट समजून घ्या. ते स्वतः स्वच्छ असतं आणि खोडाच्या मानेभोवती स्वच्छ थर देतं, इतकंच. ट्रे जुना असेल तर एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात अर्धा तास बुडवून, धुऊन, उन्हात वाळवा. पहिला कोंब दिसला की झाकण काढा, सगळे उगवण्याची वाट बघू नका. बॉक्स ग्रिलमध्ये हवा कोंडत असेल तर दिवसातून थोडा वेळ पंख्याचा वारा लागू दे. ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) वापरायचं तर मिश्रण भरतानाच मिसळा; रोपं पडायला लागल्यावर ओतून काही हाती लागत नाही.

उगवेपर्यंत ट्रे सावलीत, उगवल्या दिवसापासून सकाळच्या उन्हात. ऑक्टोबरच्या दुपारी ग्रिलच्या पत्र्यावर ठेवलेला काळा ट्रे भाजून निघतो, तेव्हा खाली लाकडी फळी किंवा थर्माकोल घाला. बीजदलांच्या वरची खरी पानं आली की बीमधली शिदोरी संपली. कोकोपीट आणि व्हर्मिक्युलाइट दोघांकडेही द्यायला फारसं काही नाही, म्हणून आठवड्यातून एकदा १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं विद्राव्य खत, लिटरला अर्धा ग्रॅमपासून सुरुवात. टोमॅटोचं रोप चार आठवड्यांत लावणीला येतं, मिरची पाच-सहा. आता उशीर करू नका. मुंबईत टोमॅटोला फळधारणेसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हेच महिने खरे. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात फुलं येतात आणि गळतात.

आता हे सगळं मी ऑक्टोबर धरून सांगितलं. तुम्ही परत जूनमध्ये बिया टाकल्यात तर हेच माप अंगाशी येईल. सांताक्रूझच्या वेधशाळेत एकट्या जुलैचा सरासरी पाऊस ८०० मिलिमीटरच्या वर जातो, आणि पाऊस नसतो तेव्हाही हवेतला ओलावा इतका असतो की ट्रे सुकतच नाही. पाणी धरून ठेवणं हा व्हर्मिक्युलाइटचा गुण तेव्हा दोष होतो. मुळांना प्राणवायू मिळत नाही. परदेशी व्हिडिओंमधली मापं बहुतेक कोरड्या हवेची असतात, ती इथे जशीच्या तशी उचलून भागत नाही. पावसाळ्यात मी आतल्या मिश्रणातलं व्हर्मिक्युलाइट जवळजवळ काढून टाकते, पर्लाइट दुप्पट करते आणि वरचा पातळ थर तेवढा ठेवते. पर्लाइट पाणी कमी धरतो, हवा जास्त ठेवतो. एकाऐवजी दुसरा घेतला तर चालतो असं नर्सरीत सांगतात. चालत नाही, दोघांची कामं वेगळी आहेत.

कुंड्यांचं थोडक्यात. ग्रिलमधल्या सहा-आठ इंची कुंड्या एप्रिल-मे महिन्यांत दिवसातून दोनदा पाणी मागतात. तिथे मिश्रणाचा दहावा हिस्सा जाडं व्हर्मिक्युलाइट घातलंत तर फरक जाणवेल. कोरडं असताना लिटरला शंभर-सव्वाशे ग्रॅम भरतं, म्हणून ग्रिलवर भार कमी पडेल असा हिशेब लोक करतात. भिजल्यावर ते चौपट-पाचपट होतं, हिशेब ओल्या कुंडीचाच करा. निवडुंग, कोरफड, अ‍ॅडेनियम यांच्या कुंडीत अजिबात नको. पाणी पालिकेचं असेल तर चिंता नाही, तानसा-वैतरणा-भातसाचं पाणी गोडं आहे. बोअरिंग किंवा टँकरचं मचूळ पाणी झाडांना जात असेल तर मात्र व्हर्मिक्युलाइट त्यातलं सोडियमही तसंच धरून ठेवतं. अशा कुंड्या महिन्यातून एकदा भरपूर गोड्या पाण्याने खळखळून धुऊन काढा.

आणि आता वाफा. साधा गुणाकार करू. दहा बाय चार फूट, खोली सहा इंच, म्हणजे २० घनफूट, साधारण ५६५ लिटर माती. मातीच्या पोतात फरक दिसायला निदान चौथा हिस्सा मिसळावा लागतो, म्हणजे १४० लिटर. तुमची पाच किलोची अख्खी पिशवी ओतलीत तरी चाळीस-पन्नास लिटर होतात. तेवढ्याने माती चमकेल, बाकी काही नाही. आणि समजा तीन पिशव्या आणल्या, तरी मघाशी अंगठ्याखाली मिटलेला कण आठवा. चिकण मातीत फावड्याचा घाव, मुलांचे पाय आणि पावसाचा मार बसला की त्या घड्या मिटतात. मिटलेला कण हवा ठेवत नाही. बी-बियाण्याच्या पाकिटावरच्या जाहिरातीत "माती कायमची भुसभुशीत" असं लिहिलेलं असतं, ते कुंडीपुरतं, आणि तेही दोन-तीन हंगामांपुरतं.

खरं तर तुमच्या वाफ्यात माती किती आणि भराव किती, हे आधी बघा. मुंबईतल्या सोसायट्यांच्या कडेच्या पट्ट्यांत बांधकामाचं डेब्रिज गाडलेलं असतं: विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, टाइल्स. सिमेंटमुळे सामू चढतो आणि पानं पिवळी पडतात, त्यावर कुठलंही खनिज घालून उपयोग नाही. एक फूट खोल खड्डा खणा. पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासांनीही तसंच उभं असेल तर खाली निचरा नाही. मग माती सुधारत बसण्यापेक्षा कडेने विटा लावून वाफा नऊ इंच उंच करा, नाहीतर जुलैत टोमॅटो काय, अळूशिवाय काहीच उभं राहणार नाही.

निचरा ठीक असेल तर औषध एकच, सेंद्रिय पदार्थ, आणि तोही भरपूर. दोन इंच जाडीचा कंपोस्टचा थर संपूर्ण वाफ्यावर म्हणजे साधारण १९० लिटर. आकडा मोठा वाटेल, पण यातला बराचसा फुकट मिळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपाउंडमधल्या पर्जन्यवृक्षांची पानं झडतात. ती पानं बारीक, लवकर कुजणारी. सफाई कामगारांना चहापाणी देऊन ती पोत्यांत भरून घ्या, पोती ओली करून एका कोपऱ्यात ठेवा. पावसाळ्याअखेर काळी मऊ माती हातात येईल. यंदापुरतं कुजलेलं शेणखत विकत आणा. लावणी झाली की उघडी माती पालापाचोळ्याने झाका. मुंबईचा पाऊस उघड्या मातीवर आपटतो तेव्हाच तिची वरची पापडी बनते, टणकपणाची सुरुवात तिथून होते. बारीक रेती मिसळायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, चिकण मातीत ती थोडी घातली तर माती आणखी घट्ट बसते. आणि वाफ्यात पाय ठेवायचा नाही: चार फूट रुंदी आहे, भिंतीकडच्या अर्ध्या भागात हात पुरणार नाही, म्हणून मध्ये दोन-तीन फरश्या टाकून घ्या.

अ‍ॅस्बेस्टॉसचं. अमेरिकेत माँटाना राज्यातल्या लिबी गावाजवळच्या खाणीत व्हर्मिक्युलाइटच्या थरांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले होते. कित्येक वर्षं जगातलं बरंचसं व्हर्मिक्युलाइट तिथूनच येत असे. खाण १९९० मध्ये बंद झाली. गावात आणि कामगारांत फुप्फुसांचे आजार इतके झाले की २००९ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. त्याच संस्थेने २००० साली बागकामाच्या व्हर्मिक्युलाइटची तपासणी करून घरगुती वापरणाऱ्याला धोका अत्यल्प असल्याचा निष्कर्ष दिला होता, पण सोबत काळजीही सुचवली: हवेशीर जागी वापरा, ओलं ठेवा, धूळ घरात नेऊ नका. म्हणजे तुमची पिशवी विषारी आहे असं मुळीच नाही. तरी पिशवीवर उत्पादकाचं नाव-गाव नसलेला सुटा माल मी घेत नाही. आणि कुठलीही बारीक खनिज धूळ फुप्फुसात जाऊ नये, ती अ‍ॅस्बेस्टॉसची असो वा नसो. पिशवी बाल्कनीत फोडा, लहान मुलांना लांब ठेवा, तोंडावर चांगला मास्क लावा, आणि आत हात घालण्याआधी स्प्रेने पाणी मारा. स्वयंपाकघरातली पिठाची चाळणी याला वापरू नका. सांडलं तर कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने टिपा.

तुमच्या सगळ्या ट्रेंना मिळून चार-पाच लिटरच्या वर व्हर्मिक्युलाइट लागणार नाही, म्हणजे पिशवीचा दहावा भाग. बाकीचं घट्ट झाकणाच्या डब्यात कोरडं ठेवा, ते खराब होत नाही. जास्वंद, क्रोटन, मोगरा यांच्या फांद्या रुजवायला निम्मं व्हर्मिक्युलाइट आणि निम्मं पर्लाइट हे फार छान चालतं, तुमच्या उरलेल्या मालाचं खरं गिऱ्हाईक तेच. रोपं काढून झाल्यावर ट्रेमध्ये राहिलेलं जुनं मिश्रण खुशाल वाफ्यात टाका, कंपोस्टबरोबर तेवढं सहज खपून जातं. फक्त ज्या कप्प्यांतली रोपं कोलमडली असतील ते तिथे नको, कचऱ्यात जाऊ दे.